रडण्याचा प्रयोग रोज आठ वाजता

गेंट, बेल्जियम
रविवार, दुपार

ती. रुपीबाईस,

धाकट्या शीलाचा रामराम आणि जय सेवालाल. तू मोठी आहेस म्हणून आधी पाया पडते, बोलत नाहीस त्याचं नंतर बघू. कंबर कशी आहे? सेवादास भावजींचा खोकला थांबला, की अजून अंगणात बसून साऱ्या तांड्याला जागं ठेवतात? तुरीच्या शेंगा भरल्या असतील. धुऱ्याकडच्या ओळी रोह्यांच्या कळपाने खाल्ल्याच असणार, कारण कुंपण घाला म्हणून मी सांगितलं होतं आणि माझं ऐकायचं नाही हा तुमच्या घरचा नियम आहे.

मोबाईलवर तू मला बंद करून टाकलं आहेस (तुझ्या लेकाने, इंद्रजीतने शिकवलं असणार, नाहीतर तुला आवाजसुद्धा कमी करता येत नव्हता), म्हणून हे पत्र. पानांचे फोटो काढून तुझ्या त्या इंद्रजीतलाच पाठवते. दारव्ह्याच्या झेरॉक्सवाल्याकडून तो ते कागदावर काढून आणेल. त्याला वाचू देऊ नकोस, तू वाच. भांडायला आपल्याला गोरबोली पुरते, पण लिहायला दोघींनाही शाळेतली मराठीच येते, त्यामुळे माझा राग थोडा सभ्य वाटेल. तसा तो सभ्य नाही.

आधी ते बोरी अरबच्या फाट्यावरचं सांगते. आम्ही सात जणी निघालो तेव्हा सगळा तांडा पोचवायला आला होता. मैनाबाईच्या गळ्यात पडून तिची सून रडली. तुळसाबाईच्या गळ्यात पडून तिची जाऊ रडली, जिचं तिच्याशी जन्मात कधी पटलं नाही. आणि तू, माझी सख्खी बहीण, बस येईपर्यंत चहाच्या टपरीमागे रसवंतीच्या पाटीकडे बघत उभी होतीस. जणू ती पाटी पहिल्यांदाच वाचत होतीस. आपल्या बंजाऱ्यांत दोन बायका भेटताना नि निघताना गळ्यात पडून सुरात रडल्या नाहीत तर ते भेटणंही नाही आणि निघणंही नाही, हे मला तूच शिकवलंस. सूर कुठे चढवायचा, कुठे श्वास घ्यायचा, मध्येच घरची खबरबात कशी गुंफायची, सगळं तुझंच. तेव्हा माझ्या पासपोर्टावर दोन शिक्के बसले असले तरी तुझ्या शिकवणुकीप्रमाणे मी अजून निघालेलेच नाही, त्या फाट्यावरच उभी आहे. आणि तूही.

भांडण कशावरून झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे उद्या चार माणसांत तू वेगळं सांगायला नको. होळीला ह्या इथल्या नाच बसवणाऱ्या अनलीसबाई आपल्या तांड्यात आल्या (पाहायला निघाल्या होत्या कुठलं तरी जुनं देऊळ, गाडीवाला चुकला), आपल्याला लेंगी नाचताना पाहिलं, आणि तिथेच मातीत बसकण मारून ठरवलं की स्वतःच्या देशात नाचाचा मोठा कार्यक्रम बसवायचा आणि त्यात ह्या बायका न्यायच्या. पहिलं बोट त्यांनी तुझ्याकडे केलं, कारण सूर तुझा. तू म्हणालीस, "आपलं नाचणं काय पोस्टाचं तिकीट हाय, कोठीबी चिकटवाले? मी नाही येत, जा." मग बोट माझ्याकडे आलं आणि मी हो म्हटलं. तेव्हापासून तू असं वागतेस की मी तुझी जागा बळकावली. तू उठलीस म्हणून जागा रिकामी झाली, एवढं साधं आहे ते.

आता प्रवासाचं. विमानात जे जेवण देतात ते जेवण नव्हे, त्याबद्दल लिहून शाई घालवत नाही. उतरल्यावर तुझी जया घ्यायला आली होती. (हो, तुझीच. तिच्या दवाखान्यातून सुट्टी काढून आली, आमच्याबरोबर दुभाषी म्हणून राहते आहे. बारीक झाली आहे, केस कापून खांद्यापर्यंत आणले आहेत, आणि 'मावशी, आईला केसांचं सांगू नको' असं बजावून ठेवलं आहे. सांगितलं.) ती दिसली आणि मी पिशवी टाकून तिच्या गळ्यात पडले नि सूर लावला. तुझी आजी, आमची याडी गेली तेव्हा तू नव्हतीस गं, म्हैस विकली तेव्हा तू नव्हतीस, तुझी आई तुझ्या खोलीत कांदे पसरते गं, असं सगळं जे सांगायचं ते सांगितलं. बाकीच्या जणीही तिच्या मावश्या-काक्याच, त्यांनी चारी बाजूंनी धरलं आणि सूर वर नेला. तुझी मुलगी मधोमध खांबासारखी ताठ. माझ्या पाठीवर थोपटत इंग्रजीत सॉरी म्हणत होती, मला नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांना. पोलीस आले, पोलिसांचा कुत्रा आला. एका बाईने पाणी दिलं, एकाने कागदी रुमालांचा पुडाच हातात कोंबला. कोण वारलं, असं सगळे विचारत होते. जयाने सांगितलं, कोणी वारलं नाही, ह्या खूश आहेत. त्यावर पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कुत्रा पुन्हा एकदा आमच्या पिशव्यांवरून फिरवला. जवसाच्या चटणीपाशी तो शिंकला आणि मग आम्हाला सोडलं.

अनलीसबाई फुलं घेऊन उभ्या होत्या. आम्हाला पाहून त्या तिथेच फरशीवर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. इथवर ठीक. पण रडता रडता एका हाताने मोबाईल काढून आमचं चित्रीकरण करत होत्या. माझं तेव्हाच मन विटलं. पुढचं सगळं रामायण त्या चित्रीकरणातून झालं, पण ते येईलच.

देश कसा आहे म्हणशील तर स्वच्छ आहे, आणि त्यापलीकडे सांगण्यासारखं मला काही सापडलेलं नाही. रस्त्यावर माणूस नाही. खिडक्यांना पडदे नाहीत, आत बसलेली माणसं जेवताना दिसतात, पण आपण ओळखीचा हात केला की दचकतात. पाव असा कडक की तुळसाबाईने त्याने अक्रोड फोडून दाखवला. बटाट्याचे तळलेले लांब तुकडे हे त्यांचं पक्वान्न, आणि ते कागदाच्या पुडीत घेऊन थंडीत उभ्याने खातात, वर आम्हाला विचारतात, कसं आहे? मी म्हटलं, आमच्याकडे हे लहान मुलं रुसली की देतात. जयाने त्यांना काय सांगितलं कोण जाणे, ते खूश झाले.

नाचणारी माणसं तर बघायलाच हवीत. सकाळी तालमीला येतात आणि सरळ फरशीवर आडवी होतात. तासभर नुसता श्वास घेतात. मी अंगणवाडीत इतकी वर्षं पोरं झोपवली, एवढी थोराड माणसं भर दिवसा लोळलेली पाहून माझा हात आपोआप थोपटायला गेला. (एकाला थोपटलंही. तो खरंच झोपला.) मग उठतात आणि एक जण ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत जातो. इतका हळू की मध्ये मैनाबाई बाथरूमला जाऊन आली तरी तो अर्ध्यावरच होता. हा नाच. ढोल नाही, थाळी नाही, पायात काही नाही. चालून झालं की बाकीचे पाणावल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघतात. मी जांभई दिली तर अनलीसबाई म्हणाल्या, तीसुद्धा सुंदर होती.

कपड्यांचंही तेच. त्यांना वाटलं होतं आपण झोपतानासुद्धा फेटियाचा घागरा नि आरशांची कांचळी घालतो. पहिल्या सकाळी आम्ही नाश्त्याला गाऊन, त्यावर स्वेटर, डोक्याला मफलर अशा उतरलो तर बाईंचा चेहरा असा पडला की जणू आम्ही त्यांची फसवणूक केली. माझा फेटिया हातात घेऊन, डोळे मिटून, त्यावरच्या आरशांवरून बोटं फिरवत विचारलं, हा किती जुना? मी म्हटलं, पोहरादेवीच्या जत्रेतला, गेल्या वर्षीचा. जयाने ते भाषांतर करायचं टाळलं.

आता मुद्द्याचं. सगळा पावसाळा आपल्या शाळेच्या आवारात आम्ही लेंगी बसवली होती. बाईंनी इथे आल्यावर ती बाजूला ठेवली. म्हणे, विमानतळावर जे केलंत तेच खरं, तेच रंगमंचावर करा. रोज, आठ वाजता. दोन-दोन जणी दोन टोकांकडून येतील, भेटतील, रडतील. मी म्हटलं, बाई, हिच्याबरोबर मी सकाळी चहा प्यायले, दुपारी हिच्या डोक्याला तेल लावलं, आणि आठ वाजता हिला भेटून रडू? आमच्यात रडायला आधी लांब जावं लागतं. हे जयाने नीट सांगितलं, आणि तीच चूक झाली. कारण बाई विचारात पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला लांब ठेवायला सुरुवात केली.

खरं सांगते. सात जणींना सात खोल्या, वेगवेगळ्या मजल्यांवर. नाश्ता वेगवेगळा. सकाळपासून आठ वाजेपर्यंत एकमेकींचं तोंड बघायचं नाही, म्हणजे ओढ लागेल. ह्याला शिकलेल्या माणसांचं डोकं म्हणतात! आम्ही काय केलं असेल? खिडक्या उघडून दिवसभर वरून खाली गप्पा मारल्या. तुळसाबाईने तिसऱ्या मजल्यावरून ओढणीला बांधून चटणीची डबी खाली सोडली. शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी तक्रार केली तेव्हा खिडक्याही बंद झाल्या, मग मोबाईल होतेच.

आणि आठ वाजता आम्ही भेटलो. अंधारात माणसं बसलेली, एक पोर रडत नाही, कोणी खोकत नाही. मैनाबाई त्या टोकाकडून आली, माझ्या गळ्यात पडली आणि अगदी सासरी निघालेल्या नवरीच्या ढावल्याच्या सुरात, लांबवून, चढवून गाऊ लागली की, बाई ये, पहिल्या रांगेतल्या टकल्याचा डोळा लागला ये, बाई ये, त्याची बायको त्याला कोपरानं ढोसती ये. मी हसू दाबायला तिच्या खांद्यात तोंड खुपसलं. ती हलायला लागली, मी हलायला लागले, बाकीच्यांनी पदर तोंडावर घेतले. घुंगट होता म्हणून वाचलो. तिकडे अंधारात माणसं हुंदके देत होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं (जयाने वाचून दाखवलं) की त्या खांद्यांमधून शतकांचं दुःख थरथरत होतं. थरथरत होतं ते मैनाबाईचं हसू. असे हे जाणकार, आणि ह्यांच्या टाळ्यांसाठी मी तुझा अबोला घेऊन बसले आहे.

अनलीसबाईंना मात्र संशय आला. टाळ्या पडल्या तरी त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, शीला, तू सगळ्यांची पुढारी, पण तुझा डोळा कोरडा. मी म्हटलं, डोळा माझा आहे. मग त्यांनी माझी जोडी बदलली. आधी त्या हळू चालणाऱ्या माणसाला पुढे केलं. परक्या पुरुषाच्या गळ्यात पडून रडू? भावजींना कळलं असतं तर खोकला तिथेच थांबला असता. मी साफ नाही म्हटल्यावर लोट नावाची एक मुलगी दिली. हडकुळी, पांढुरकी, भुवया नाहीत, सूर तर मुळीच नाही. मला म्हणाली, मला शिकवा. मी म्हटलं, आमच्यात आई आणि मोठी बहीण शिकवते, तुझी कोण आहे? ती नुसती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

परवा शुक्रवारी आम्ही दोघी मंचावर आलो. मी ठरवलं होतं की त्या बटाट्यांवरून काहीतरी गाईन आणि वेळ मारून नेईन. लोटने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी तोंड उघडलं, सूर लावला, आणि 'बाई ये' एवढंच आलं. त्याच्यापुढे बटाटे येईनात. तू आलीस. मला तुझी आठवण आली. मग मी सगळं सांगितलं. बाई ये, मी विमानात बसले ये, तुझ्या लेकीला भेटले, तिनं केस कापले ये. बाई ये, इथं कोणी कोणाला हात करत नाही ये. मला सूर तू दिलास नि तूच पाठ दिलीस ये, मी निघाले ये, तू मला निघू दिलं नाहीस ये. आवाज फाटला, तरी थांबता येईना. लोटला एक अक्षर कळत नव्हतं, पण तिने मला सोडलं नाही, आणि तीही रडली. बेसूर, नाक ओढत. ती कोणाला आठवून रडली मला माहीत नाही. तिच्या रडण्याला मी नावं ठेवणार नाही.

संपल्यावर सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. मी तुझ्याशी बोलत होते, आणि ही मंडळी मध्येच टाळ्या पिटत होती.

आत गेल्यावर अनलीसबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, अगदी असंच, उद्यासुद्धा. उद्या कसं? सांगून झालं होतं. काल शनिवारी मी उभी राहिले तर आत काही नव्हतं, मुकाट लोटच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बाई नाराज, पेपरवाले येणार होते म्हणे.

तू म्हणशील, मी सांगितलंच होतं. तू हे सांगितलं नव्हतंस. तू पोस्टाच्या तिकिटाचं बोलली होतीस. आणि लेंगी नाचायला मी आजही कुठेही जाईन, तोंड वर करून जाईन, नाच दाखवायचाच असतो. गळ्यात पडणं वेगळं. एवढा फरक तू त्या दिवशी टपरीमागून बाहेर येऊन सांगितला असतास तर तुझं काय गेलं असतं? पण नाही, रसवंतीची पाटी वाचायची होती.

भावजींना अडुळशाचा काढा घ्यायला सांग आणि बिडीला हात लावू देऊ नकोस. जयाच्या केसांवरून तिला फोनवर बोलू नकोस, बरे दिसतात. सगळ्या तांड्याला माझा रामराम, तुला तुझ्यापुरता वेगळा.

तू मानलीस तर तुझीच धाकटी बहीण,
शीला

ता. क. हे पत्र मी आपण होऊन लिहिलेलं नाही, गैरसमज नको. अनलीसबाईंनी लिहायला लावलं. 'बाई ये' म्हणजे कोण, हे त्यांनी जयाकडून काढून घेतलं, आणि त्यांच्या डोक्यात आता असं आलं आहे की मी परत येईन तेव्हा नागपूरच्या विमानतळावर तू मला घ्यायला यावंस, दोघींनी गळ्यात पडून रडावं आणि त्यांनी ते दोन कॅमेऱ्यांनी टिपावं. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाचा शेवट म्हणून. तू फेटिया घालून यायचं आहे. पहिलं रडणं नीट टिपलं गेलं नाही तर पुन्हा रडायचं आहे. आम्ही सगळ्या त्यांच्याबरोबर गुरुवारी उतरणार, तेव्हा बहिणीला गोड पत्र लिहून गुरुवारी बोलाव, असा त्यांचा हुकूम. त्यांना मराठी येत नाही, म्हणून मी मला हवं ते लिहिलं. समोरच कौतुकाने बघत बसल्या आहेत. जया त्यांना सांगणार आहे की पत्र फार हळवं झालं आहे.

आणखी एक ता. क. इंद्रजीतला चॉकलेट आणते आहे, तुला नाही, तुझी साखर वाढलेली असते. मैनाबाईच्या नवऱ्याला ती रंगमंचावर काय गाते ते कळू देऊ नकोस. त्याला वाटतं ती देवाचं म्हणते.

शेवटचं. बाई बाहेर गेल्या म्हणून लिहिते. गुरुवारी येऊ नकोस. तुळसाबाईच्या गुडघ्याचं निमित्त काढून जयाने तुळसाबाईचं नि माझं तिकीट आधीचं करून घेतलं आहे, बाईंना ते आमचं विमान उडाल्यावर कळेल. मी बुधवारी सकाळी उतरते. कॅमेरे नसतील, फेटिया नको, जी नेसली असशील ती साडी चालेल. इंद्रजीतला गाडी घेऊन यायला सांग आणि तूही ये. तू मोठी आहेस, सूर तू धर, मी मागून येते.